भांडणामुळे लकवा येतो का? (आणि ऊन, एकटेपणा, आवाज वगैरे)

महालची_लेक | ३ जून, रात्री १०:१२

वाचक जुनी आहे, लिहिते क्वचित. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे मोठे बाबा (वडिलांचे थोरले भाऊ), वय ६७. नागपूरला महाल भागात आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. ऐन नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), २७ मेला, त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली आहे. मार्चमध्ये मोठी आई वारली, तेव्हापासून वर एकटेच असतात.

त्या दिवशी दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याहून आला होता. घर विकायचं की नाही यावरून दुपारी एकच्या सुमारास बापलेकांचं जोरात वाजलं. मोठे बाबा जेवण अर्धवट टाकून कूलरसमोर जाऊन झोपले. पाचला उठले तेव्हा शब्द नीट येत नव्हते, हातातला पेला सुटला. सकाळी उन्हात बँकेत जाऊन आले होते, म्हणून आम्हा सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. कांद्याचा रस झाला, पन्हं झालं, ओल्या फडक्यानं अंग पुसून झालं. दवाखान्यात पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

तिथं डॉक्टरांनी विचारलं: बीपी आहे का, शुगर आहे का, तंबाखू खातात का, घरात आधी कुणाला झालाय का. दोन मिनिटांत प्रश्न संपले. बायको जाऊन दोनच महिने झालेत हे कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. घरी मात्र बरोब्बर उलटं. बीपीचं नावसुद्धा कुणी घेत नाही, सगळ्यांचं एकच: "पोरानं बापाला लकवा आणला." आत्या तर दवाखान्याच्या जिन्यात चार लोकांसमोर बोलली. दादा तेव्हापासून धड जेवत नाही.

म्हणून विचारते. राग, दुःख, ऊन यांनी खरंच लकवा येतो का? की कुणावर तरी ढकलायचं म्हणून आपण म्हणतो?

तर्री_पोहे | रात्री १०:२०

रुमाल टाकून ठेवतो. मोठे बाबा लवकर हिंडू-फिरू लागोत.

संत्रं_सोललेलं | रात्री १०:२७

भांडणानं लकवा येत असता ताई, तर आमच्या सोसायटीची वार्षिक सभा ॲम्ब्युलन्समध्येच घ्यावी लागली असती.

(हसण्यावारी नेत नाही. दादाला म्हणावं, जेव.)

बाप्पा_खामगावकर | रात्री १०:४१

काऊन नाही येत? आमच्या आज्याले असाच आला होता. वावराच्या धुऱ्यावरून भावासंगं कचकच झाली, घरी येऊन बाजेवर बसला अन् तोंड वाकडं. तवापासून आमच्या घरात कोनी जेवताना जमिनीचा विषय काढत नाही. पन एक सांगतो, आज्या दिवसाले पंधरा चिलमी ओढे. थे कोनी सांगत नाही, धुऱ्याची गोष्ट सारे सांगतात.

पुरावा_द्या | रात्री १०:५८

खामगावकरांनी नकळत उत्तर देऊन टाकलं आहे. गोष्ट भांडणाची होते, चिलमीची होत नाही. रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, हृदयाची अनियमित लय, वाढलेलं पोट. यापलीकडचं सगळं 'भावनिक कारण' म्हणजे चहाच्या टपरीवरचं विज्ञान. आणि नागपुरात बसून खर्ऱ्याचा (घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा) उल्लेख न करता लकव्यावर धागा काढणं म्हणजे कमाल आहे. पानठेल्यावर दिवसाला चार पुड्या घोटून घेणाऱ्याला 'टेन्शन घेऊ नको' सांगून काय होणार?

गच्चीवरचा_पलंग | रात्री ११:०५

बाळबोध प्रश्न. पेपरमध्ये दर उन्हाळ्यात 'हीट स्ट्रोक'चे आकडे येतात, ते हेच ना?

स्टेथो_विसरलेला | रात्री ११:४०

मी मेडिसिनचा आहे, न्यूरोचा नाही. पेशंट तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, पण काही गोष्टी स्पष्ट करतो.

@गच्चीवरचा_पलंग, नाही. या एका शब्दानं आपल्याकडं फार घोळ होतो. हीट स्ट्रोक म्हणजे उष्माघात: शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं, अंग भाजतं, माणूस भ्रमतो, बेशुद्ध पडतो. ब्रेन स्ट्रोक म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी तुंबणं किंवा फुटणं, ज्याला आपण लकवा, पक्षाघात म्हणतो. उष्माघातानं सगळा माणूसच ढेपाळतो. लकवा बहुतेक वेळा एक बाजू धरतो आणि अचानक येतो. मे महिन्यात नागपुरात तोंड वाकडं झालेला माणूसही 'ऊन लागलं' म्हणून कूलरपुढं आडवा केला जातो. धागाकर्तीच्या घरी तेच झालं, आणि ते फक्त त्यांच्याच घरी होतं असं नाही.

शंका आली की तीन गोष्टी करायला सांगा. हसून दाखव, दोन्ही हात वर धर, एक वाक्य बोल. एकातही गडबड दिसली तर १०८ ला फोन. आणि कृपा करून तोंडात काही घालू नका. कांद्याचा रस नाही, पन्हं नाही, पाणीही नाही. गिळण्याचे स्नायू गेलेले असले तर ते फुफ्फुसात जातं. घरातली ॲस्पिरिनही नको, कारण वाहिनी तुंबली की फुटली हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

आता राग. @पुरावा_द्या, टपरीवरचं विज्ञान नाही. 'इंटरस्ट्रोक' हा ३२ देशांतला अभ्यास आहे. त्यात स्ट्रोकच्या साडेतेरा हजारांच्या आसपास रुग्णांना विचारलं की झटक्याच्या आधीच्या एका तासात काय घडलं, आणि आदल्या दिवशी त्याच वेळी काय चाललं होतं. साधारण ११ पैकी एकानं संताप किंवा मोठी मानसिक खळबळ सांगितली, २० पैकी एकानं जबर अंगमेहनत. हिशेब केल्यावर रागाच्या त्या तासात धोका सुमारे ३० टक्के वाढलेला निघाला. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

पण ३० टक्के ऐकून दचकू नका. एखाद्या ठरावीक तासात लकवा येण्याची शक्यता मुळातच अगदी थोडी असते. ती सव्वापटीहून थोडी वाढली तरी थोडीच राहते. ज्याची वाहिनी आधीच खराब आहे त्याला तो शेवटचा धक्का ठरू शकतो, इतकंच.

तुमच्या दादासाठी मुद्दाम सांगतो: तो अभ्यास एका तासाबद्दल बोलतो. मोठे बाबा भांडणानंतर झोपले आणि पाचला लक्षणं दिसली. झोपेत झटका कधी आला हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळं 'भांडणानंच झालं' असं छातीठोकपणे म्हणायला आत्याकडंही आधार नाही.

एक प्रश्न. बीपीची गोळी चालू होती का?

महालची_लेक | रात्री ११:५२

खूप धन्यवाद डॉक्टर. हे दादाला वाचून दाखवते. गोळी चालू आहे, गेली बारा वर्षं. कधी चुकवत नाहीत. पोचलो तेव्हा बीपी २१०/११० होतं. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही म्हणाले, उशीर झाला. पण आमच्या लक्षात तर पाचला आलं, नऊला पोचलो, चारच तास झाले ना?

स्टेथो_विसरलेला | ४ जून, रात्री १२:०३

लक्षात कधी आलं ते धरत नाहीत, शेवटचे धडधाकट कधी पाहिले ते धरतात. म्हणजे दुपारी झोपायला गेले ती वेळ. तिथून जवळपास आठ तास होतात. ते इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतलं. काही निवडक रुग्णांत मोठी गुठळी नळी घालून काढता येते आणि तिथं स्कॅन पाहून २४ तासांपर्यंतही विचार होतो, पण ते प्रत्येकाला लागू नाही.

२१०/११० बद्दल एवढंच, की झटक्यानंतर बीपी आपोआपही चढतं. त्यावरून आधी किती होतं ते ठरवू नका.

मिहानचा_हमाल | सकाळी ८:१५

रात्रपाळी करून आलो आणि हा धागा वाचला. आता झोप येणार नाही.

माझी भर: जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक आकडा दिला होता. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा लकव्याचा धोका ३५ टक्के जास्त. आमच्या मॅनेजरला मी ही बातमी पाठवली. उत्तर आलं, "छान माहिती. सोमवारच्या डेमोचं काय?"

संत्रं_सोललेलं | सकाळी ८:३१

तुझा मॅनेजर हाच स्वतंत्र जोखीम घटक आहे.

राखेवरची_रांगोळी | सकाळी ९:१०

हवेचं कुणीच काढलं नाही? मी कोराडीजवळ राहते. माहेर धरमपेठेत, त्यामुळं फरक कळतो. सकाळी अंगण झाडलं तरी दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. औष्णिक केंद्राची चिमणी खिडकीतून दिसते, पण सगळा दोष तिलाच देत नाही. आमच्या रस्त्यावरचे ट्रक, बांधकामं, कचरा जाळणं, सगळंच आहे.

प्रदूषण म्हटलं की लोक दम्याशी थांबतात. पण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुफ्फुसातून रक्तात उतरतात, वाहिन्यांना सूज आणतात. २०२४ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत जगभराच्या लकव्याचा हिशेब आला होता. मेंदूच्या आवरणाखाली होणाऱ्या रक्तस्रावामुळं जे मृत्यू आणि अपंगत्व येतं, त्यातल्या १४ टक्क्यांचा संबंध त्यांनी या धुळीशी लावला, जवळपास धूम्रपानाइतका. आणि वाढत्या तापमानामुळं होणारं लकव्याचं नुकसान १९९० पासून ७२ टक्क्यांनी वाढलं. आपल्याकडं दोन्ही एकाच पत्त्यावर मिळतात. वर गंमत अशी, की या कणांची वर्षाची सरासरी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या मते घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, आपल्या देशाच्या मानकात ४०. म्हणजे 'हवा मानकात आहे' असं छापून आलं तरी मी निर्धास्त होत नाही.

पुरावा_द्या | सकाळी १०:०२

मान्य, हवेचा पुरावा भक्कम आहे. पण मूळ मुद्दा सोडत नाही. डॉक्टरांनी ज्याचा दाखला दिला त्याच इंटरस्ट्रोकनं सांगितलंय की दहा बदलता येण्याजोगे घटक मिळून जगातल्या सुमारे ९० टक्के लकव्यांचा हिशेब लागतो, आणि त्यात पहिला नंबर रक्तदाबाचा. मग उरलेल्या दहा टक्क्यांसाठी एवढं रडगाणं कशाला?

स्टेथो_विसरलेला | दुपारी १:२०

त्या दहांची यादी पुन्हा वाचा. रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, व्यायाम, आहार, पोट, दारू, हृदयविकार, रक्तातली चरबी. हे नऊ झाले. दहावा मानसिक-सामाजिक ताण आहे. तुम्ही ज्याला टपरीवर पाठवलंत तो पहिल्या पंक्तीतच बसलाय.

तर्री_पोहे | दुपारी १:२४

पॉपकॉर्न आणा रे कुणी.

पुरावा_द्या | दुपारी १:४५

🙏 एक गुण तुमचा.

रिंगरोड_किनारी | दुपारी ३:३०

आवाजाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. घर रिंग रोडला लागून, शेजारी लॉन. लग्नसराईत रात्री अकरापर्यंत डीजे आणि त्यानंतर ट्रक. झोपेत जाग येत नाही असं मलाही वाटायचं. मुलीनं हातात घड्याळ बांधून दिलं तेव्हा दिसलं की रात्रभर ठोके वरखाली होतात. कान झोपत नाहीत म्हणे. डेन्मार्कमध्ये २०११ चा अभ्यास आहे: रस्त्याचा आवाज दर १० डेसिबलनं वाढला की लकव्याचा धोका १४ टक्के जास्त, आणि पासष्टीच्या पुढं २७ टक्के. तो डेन्मार्कचा रस्ता! तिथल्या ट्रकला 'हॉर्न ओके प्लीज' नसतं.

गच्चीवरचा_पलंग | दुपारी ४:०५

माझ्या आयडीची शपथ, लहानपणी आम्ही सगळे मे महिन्यात गच्चीवर झोपायचो. गच्चीवर बादल्या ओतायच्या, वाफ निघून जायची, दहाला गाद्या पडायच्या. आता चारी बाजूंनी इमारती, गच्चीवर टाक्या आणि मोबाइलचा टॉवर. रात्री बाराला भिंतीला हात लावा, पोळी भाजेल. आणि लाइन गेली की कूलरसुद्धा नुसती शोभेची पेटी.

संत्रं_सोललेलं | दुपारी ४:११

२०१३ च्या मे महिन्यात ४७.९ झालं होतं, ते आठवतं. आणि २०२४ ला एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं, मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. सेन्सरलाच ऊन लागलं. कुणीतरी खिशात कांदा ठेवायला हवा होता त्याच्या.

स्टेथो_विसरलेला | सायंकाळी ७:५०

पलंगरावांनी रात्रीचा मुद्दा काढला तो महत्त्वाचा. जर्मनीत आउग्सबुर्गला पंधरा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर फार उकाड्याच्या रात्रींनंतर लकव्याचा धोका सुमारे ७ टक्के वाढलेला दिसला, म्हाताऱ्या माणसांत विशेष. त्यांची 'उकाड्याची रात्र' आपल्याला गुलाबी वाटेल, पण शरीर आपापल्या सवयीवर चालतं. दिवसभर घाम जातो, पाणी कमी पडतं, रक्त दाट होतं, आणि रात्री शरीराला थंड व्हायला वेळच मिळत नाही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात डॉक्टरांना एकदा विचारावं. मनानं बंद करू नये, हे तीनदा लिहितो.

थंडीत उलटं: वाहिन्या आकसतात, बीपी चढतं. डिसेंबरात पहाटे फिरायला जाणाऱ्या आजोबांना म्हणूनच थोडं ऊन पडल्यावर निघा म्हणतो.

वाळ्याची_ताटी | रात्री ८:३५

डॉक्टर, कूलरचं वारं थेट तोंडावर घेतलं की लकवा येतो म्हणतात ना? माझ्या जावेचं तोंड तसंच वाकडं झालं होतं, तीन आठवड्यांत सरळ झालं. सासूबाई अजून कूलरची दिशा बदलून झोपतात.

स्टेथो_विसरलेला | रात्री ९:०२

तो बहुधा चेहऱ्याच्या नसेचा लकवा असावा, बेल्स पाल्सी म्हणतात. त्यात त्या बाजूचं कपाळही हलत नाही, डोळा मिटत नाही, हातपाय शाबूत असतात. मेंदूच्या लकव्यात बहुतेकदा कपाळाला आठ्या घालता येतात. पण हे घरी बसून ठरवायचं नाही. तोंड वाकडं दिसलं की दवाखाना. सासूबाई कूलर फिरवतात त्यात काही बिघडत नाही.

एकटा_सदाशिव | रात्री ११:१५

मी ७१ वर्षांचा. पत्नी जाऊन चार वर्षं झाली. या धाग्यावर सगळं आलं, मोठ्या बाबांच्या त्या दोन महिन्यांबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

माणूस गेल्यावर तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी दूधवाला विचारतो, "अर्धा लिटर करू का?" तिथून खरं सुरू होतं. तहान लागली तरी उठत नाही, कारण पाणी विचारणारं कुणी नाही. रात्री टीव्ही चालू ठेवून झोपायचं. झोप म्हणजे काय, डुलक्या. सिताबर्डीला मुद्दाम गर्दीत फिरून येतो. मुलगी रोज फोन करते, मी रोज 'मस्त' सांगतो. माझंही बीपी पहिल्या वर्षी बिघडलं होतं, सहज तपासताना कळलं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. मी कमी केलं. तसंही काय खात होतो?

लेकी, त्यांचं गोळ्यांचं एकदा बघ. कुणी दिल्या, कधी घेतल्या. मी अंदाजानं बोलतोय.

स्टेथो_विसरलेला | रात्री ११:४०

सदाशिवराव, नमस्कार. इंग्लंडमधला २०१४ चा अभ्यास आहे: साठीपुढच्या माणसांत जोडीदार गेल्यावर पहिल्या ३० दिवसांत हार्ट अटॅक किंवा लकवा येण्याचं प्रमाण ०.१६ टक्के, तशाच इतरांत ०.०८. संख्या लहान, पण दुप्पट. आणि हार्वर्डचं २०२४ चं काम सांगतं की पन्नाशीनंतर वर्षानुवर्षं एकटं वाटत राहिलेल्यांना लकव्याचा धोका ५६ टक्के जास्त. एकटं राहणं वेगळं आणि एकटं वाटणं वेगळं. ओपीडीत मी दिवसाला साठ पेशंट बघतो. तुमचा हा प्रतिसाद वाचेपर्यंत मीही 'घरी कोण असतं' एवढंच विचारायचो.

महालची_लेक | ६ जून, रात्री ९:२०

दोन दिवस दवाखान्यात होते. मोठे बाबा आता आधारानं बसतात, शब्द थोडे स्पष्ट झालेत.

सदाशिवकाका, तुम्ही लिहिलंत म्हणून काल वर जाऊन गोळ्यांचा स्टीलचा डबा उघडला. मोठी आई प्रत्येक गोळीच्या मागं पेनानं तारीख लिहायची, रोज सकाळी चहाबरोबर काढून हातात द्यायची. तारीख लिहिलेली शेवटची रिकामी जागा १४ मार्चची आहे. ती १६ ला गेली. त्यानंतरच्या पट्ट्या सगळ्या जशाच्या तशा. पाच पट्ट्या, एकही गोळी फोडलेली नाही.

म्हणजे ते दर महिन्याला मेडिकलमधून आणत होते. बिलं पण डब्यातच आहेत, घडी घालून. गोळ्या आणायचं काम त्यांचं होतं आणि द्यायचं तिचं. त्यांनी आपलं काम चालू ठेवलं.

मी तुम्हाला ठणकावून लिहिलं होतं की कधी चुकवत नाहीत. खालच्या मजल्यावर राहून.

पुरावा_द्या | रात्री ९:४८

वाचून गप्प झालो. तांत्रिकदृष्ट्या हे रक्तदाबाचंच प्रकरण निघालं, पण 'मी म्हटलं नव्हतं का' म्हणायची इच्छा नाही.

बाप्पा_खामगावकर | रात्री ९:५५

पोरी, आता सोताले दोष देत बसू नको. दादाचा गेला अन् तुयावर आला, त्यात काय फायदा?

स्टेथो_विसरलेला | रात्री १०:३०

केसपेपरवर मी लिहिलं असतं: गोळ्या दहा आठवडे बंद, पत्नीचं निधन, उष्णतेची लाट, त्या दिवशी वाद. चारही ओळी. टक्केवारी वाटून द्यायला सांगितलं तर पहिल्या ओळीला सगळ्यात मोठा वाटा देईन, पण ती पहिली ओळ दुसरीतूनच आलेली आहे. तुमच्या डॉक्टरांना ही गोळ्यांची गोष्ट उद्याच सांगा, औषधं ठरवताना उपयोगी पडेल.

एकटा_सदाशिव | रात्री १०:४४

मी माझा डबा आत्ताच उघडून बघितला. ठीक आहे. एक दिवस चुकलाय, मंगळवार.

महालची_लेक | ७ जून, दुपारी २:१५

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

आत्या आली होती. तिला डबा दाखवला. बराच वेळ पट्ट्या उलटसुलट करून बघत होती, अक्षर ओळखलं तिनं. दादाला काही बोलली नाही, ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं. तो जेवला. घराचा विषय अजून तसाच आहे.

आता एक व्यवहाराचं विचारते. वरच्या कूलरची मोटर जळाली आहे, मोठे बाबा आठवडाभरात घरी येतील. महाल-इतवारीकडं घरी येऊन वाळा बदलून, मोटर बसवून देणारा कुणी माहीत आहे का?

तर्री_पोहे | दुपारी २:१९

बडकस चौकात एक आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. बोलतो फार, पण मोटर चांगली बसवतो.

संत्रं_सोललेलं | दुपारी २:२२

मोठ्या बाबांसमोर बसवायला लावा. बोलायला माणूस मिळेल.